सत्तावीस नंबरात नहर वळते

रंगरेज गल्ली, उदगीर
९ फेब्रुवारी २०२५

दामिनी,

हे पत्र फाडायच्या आधी एवढं तरी वाच, की खोदायचं मशीन चौकापर्यंत आलं आहे.

पत्ता टाइप करून चिकटवला, कारण माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडता टोपलीत टाकलं असतंस. माझा नंबर तू बंद केलास त्याला पावणेतीन वर्षं झाली. दुसऱ्याच्या फोनवरून बोलायला गेले तर आवाज ऐकून ठेवशील. म्हणून पोस्टाच्या नशिबावर सोडते आहे.

आपली मोजणी चालवणाऱ्या अमरनाथ सरांना दाखवायची वेळ आली तर त्यांनाही कळावं म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुला कंटाळा येईल, येऊ दे. आपण दोघींनी २०२२ च्या उन्हाळ्यात रंगरेज गल्लीतली एकेचाळीस घरं मोजली. आपल्याला घेतलं त्याचं कारण आपली हुशारी नव्हती. सरांच्या पुरुष माणसांना कुणी बैठकीच्या पुढं जाऊ देत नव्हतं आणि आपल्याला पार चुलीपर्यंत नेत होते. गल्लीखालून जुनी नहर वाहते. पाणी शेंदायला आणि गाळ काढायला घराघरांत तिची विहिरीसारखी तोंडं ठेवलेली आहेत. ती कुणी कधी मोजली नव्हती. आपण मोजली, काढली, प्रत्येक घराचं एक शीट केलं, आणि प्रत्येक शीटवर दोघींच्या सह्या.

कागदाचा उपयोग झाला, दामिनी. गेल्या पावसाळ्यात नऊ नंबरची कमान कोसळली. लोक म्हणाले, गेली. पण तू त्या कमानीच्या एकेका दगडाला नंबर टाकून ठेवला होतास, मी तेव्हा तुला हसले होते. त्याच कागदावरून गवंड्यानं कमान जशीच्या तशी उभी केली. गटाराची नवी लाइनही आधी गल्लीतूनच जाणार होती. आपला नकाशा पुढं आला आणि गल्ली वाचली.

आता लाइन मागच्या बोळातून नेणार आहेत. नकाशात बोळाखाली काही नाही ना.

माझ्या मते शीट २७ मध्ये थोडी गडबड झाली असावी. नहर २६ च्या तोंडाशी संपते असं आपण दाखवलं. कदाचित ती २७ मध्ये वळून बोळाखालून पुढं जात असेल. तू सरांच्या ऑफिसातून नुसता फोन केलास की एकदा पुन्हा तपासा, तर काम होईल. कुणाची चूक वगैरे काढायची गरज नाही. घाईत होतं असं.

२७ म्हणजे आता माझंच घर. तुला माहीत आहे. लग्नाला तू आली नाहीस तरी पत्रिका पोचली होती.

तुझी,
नाझनीन

१७ फेब्रुवारी २०२५

दामिनी,

पोस्टमन रोज येतो आणि विजेची बिलं टाकून जातो.

बरं. गडबड झाली असावी असं लिहिलं होतं, ते खोडून वाच. माझी मंगनी आसिफशी झाली होती आणि शीटांच्या यादीत पुढचं घर त्याचं आलं. आमच्याकडं निकाहाआधी मुलगी सासरचा उंबरठा ओलांडत नाही. लोक वर्षभर बोलतात, सासूला टोमणे बसतात. मला हे तुला सांगायची लाज वाटली. तू हसली असतीस. 'मोजमापाला कसला उंबरठा गं' असं म्हणाली असतीस, आणि बरोबरच म्हणाली असतीस. म्हणून मी तुला म्हणाले, ऊन उतरून राहिलंय, २७ आणि २८ मी उरकते, तू पुढं जा.

मी आत गेलेच नाही. बोळाच्या तोंडाशी उभी राहिले, पाटी छातीशी धरून. आसिफ दारात उभा राहून सांगत होता आणि मी लिहीत होते. आतली नवी खोली बारा बाय दहा, फरशी केलेली, दुसरं काही नाही. त्याच्या मागं अम्मी, म्हणजे सासूबाई, पडद्याआड उभ्या होत्या. त्यांची फक्त बोटं दिसत होती. मी वर बघत नव्हते. किती लाजत होते मी तेव्हा, आता मला माझाच राग येतो.

शीटच्या तळाला तो रकाना असतो, पाहिले की सांगितले. सर पहिल्या दिवशी काय म्हणाले होते? सांगितलेलं सांगितलं म्हणून लिहा, त्यात कमीपणा नाही. तो रकाना त्यांना सगळ्यात महत्त्वाचा. मी 'पाहिले' वर खूण केली. 'सांगितले' वर केली असती तर तू विचारलं असतंस, का गं, तुला आत घेतलं नाही का?

आता आत आहे. तीच बारा बाय दहा. पलंग, कपाट, एक खिडकी, ती बोळावर उघडते. पलंगाखालची फरशी कायम ओलसर. मार्च-एप्रिलातसुद्धा. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं किती थंड खोली मिळाली. मग दुपारी सगळे झोपले की कान दिला. खाली पाणी वाहतं. मोठ्यानं नाही, भांडं विसळल्यासारखं.

मशीन बावीस नंबरच्या मागं आलं आहे. रोज चार-पाच हात पुढं येतं. खिडकीतून पिवळा हात वर जाताना दिसतो.

एक ओळ लिही, दामे. शिवी लिहिलीस तरी चालेल.

नाझनीन

२४ फेब्रुवारी २०२५

दामे,

आज सगळंच लिहिते. अर्धं सांगून मलाच गुदमरायला होतं.

मला माहीत होतं. मंगनीनंतर महिन्याभरानं आसिफनं फोनवर चेष्टेत सांगितलं होतं, "तुझ्या खोलीखालून नहर जाते, माठ घ्यायची गरज न्हाई." खोली माझ्यासाठीच बांधली होती. घरात आधी एकच दालन आणि स्वयंपाकघर. सून येणार, तिला वेगळी खोली पाहिजे, म्हणून मागचं अंगण घेतलं. अंगणात नहरीचं तोंड. अब्बांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यावर दोन मोठ्या शहाबादी फरश्या टाकल्या आणि वर टाइल बसवली. सरदार मिस्त्री म्हणजे अब्बाच, त्यांचं फरशीकाम अख्ख्या उदगिरात नावाजलेलं. या खोलीतली एकेक टाइल त्यांनी स्वतः घासून बसवली, दोन टाइलींत सुतळी जायची नाही. सर्वेक्षण आलं तेव्हा सगळ्यांना एकच भीती, तोंड कागदावर गेलं तर खोली पाडायला लावतील.

आणि त्या खोलीत मी येणार होते.

तुला शंका आली. येणारच. तुझ्या अव्वांची, आईची, विहीर बोळाच्या दुसऱ्या टोकाला, कडक उन्हाळ्यात भरलेली. नहर २६ ला संपते तर त्या विहिरीला पाणी येतं कुठून? तू तुमच्या ओसरीत शीटं पसरून बसली होतीस. तू इतकंच विचारलंस, "सत्तावीसमध्ये तू स्वतः आत गेलतीस का?"

मी काय बोलले ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मी म्हणाले, "आमच्या घरात काहीतरी लपवलेलं असणार असंच वाटतं ना तुम्हा लोकांना."

तुम्हा लोकांना. तुला. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या तुला. तुझ्या अव्वांनी मला ज्वारीची भाकरी थापायला शिकवली, तुझ्या अप्पांच्या दुकानात मी पोत्यावर बसून अभ्यास केला, आणि मी त्याच ओसरीत बसून हे म्हणाले. मला माहीत होतं की ते खोटं आहे. मला हेही माहीत होतं की त्यानंतर तू एक अक्षर विचारणार नाहीस. म्हणूनच म्हणाले. तू पेन उचललंस, सही केलीस आणि शीट माझ्या अंगावर न टाकता नीट खाली ठेवलंस. तुझं ते नीट ठेवणं मला अजून छळतं.

गेल्या आठवड्यात मी अव्वांकडे गेले. पुढच्या खोलीतून हाक मारली नाही, मागून विहिरीकडूनच गेले. त्या पूजेचं पाणी शेंदत होत्या. लिंगपूजेला नळाचं पाणी त्या अजूनही घेत नाहीत. मला बघून म्हणाल्या, "लई दिवसांनी आलीस गं. दामिनी आली न्हाई का संगं?" त्यांना आपलं काही माहीतच नाही. तू सांगितलं नाहीस. मी घागर उचलून ओसरीत ठेवली आणि पळून आले.

आसिफला मी सगळं सांगितलं. घरात आमची बोली दखनी, तुला मराठीत लिहिते. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू जाऊन सांग. मी अडवणार न्हाई. पण आधी अब्बाला तू सांग. माझ्यानं होत न्हाई."

माझ्यानंही होत नाही. त्यांना गुडघ्यावर बसवत नाही आता. तरी दर जुम्म्याला खोलीच्या दारात येतात आणि विचारतात, "कुठं टाइल हलून राहिली का बेटा?" मी म्हणते, नाही अब्बा. कुणी मला कोंडलेलं नाही बघ. दाराला कडीसुद्धा नाही. सगळे इतकं जपतात की पाय उचलत नाही.

शीट दुरुस्तीच्या अर्जावर दोघींच्या सह्या लागतात. मी अर्ज लिहून ठेवला आहे. तू फक्त हो म्हण.

नाझनीन

५ मार्च २०२५

दामिनी,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं, मग पिठाच्या डब्याखाली ठेवलं, मग काढून परत वाचलं.

तू त्याच संध्याकाळी २६ च्या तोंडात शेरभर हळद कालवून ओतलीस, आणि सकाळी अव्वांची विहीर पिवळी झाली. हे मला ठाऊकच नव्हतं. अव्वांनी कुणाला शिव्या घातल्या असतील याची कल्पना करून मला तुझ्या पत्रावरही हसू आलं, माफ कर. म्हणजे सही करताना तुला माहीत नव्हतं, पण शीटं नांदेडच्या ऑफिसला पाठवलीस तेव्हा पक्कं माहीत होतं. तरी पाठवलीस.

तू लिहिलंस, 'तू तुम्ही लोक म्हणालीस. त्यानंतर मी ते शीट अडवलं असतं, तर मी खरंच ते लोक झाले असते.'

मी तुला अशा जागी उभं केलं की खरं बोललीस तरी तू वाईट. आणि मी इतकी वर्षं समजत होते की तू रागानं गेलीस.

पण त्याच्या खालचं मला पटत नाही. पुढच्या महिन्यात गल्ली जुन्या वास्तूंच्या संरक्षणाच्या यादीत जाणार, एक शीट खोटं निघालं तर चाळीस खरी शीटंही संशयात जातील, गल्ली यादीतून पडेल, तुझी नोकरी त्याच कामावर उभी आहे. हे सगळं मला कळतं. मी रोज हाच हिशेब करते आणि रोज चुकतो. पण 'अव्वा नळाचं पाणी वापरतील' हे तू कशी लिहू शकलीस? तुझ्या हातानं? एकदा नहर फुटली की तिच्यात गटार शिरेल, दामिनी. विहीर आटली तर एक वेळ बरं.

'पुन्हा लिहू नकोस' असंही लिहिलंस. लिहिणार. अजून काय करू? अर्जावर एक सही चालत नाही. मी चौकशीला अर्जांच्या खिडकीवर गेले होते, तिथला माणूस म्हणाला दोघींनी या. अब्बांना सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "रोज्याचं ऊन हाय, तू बोलू नक्को, पडून राहा." संध्याकाळी माझ्या पुढ्यात सगळ्यात आधी खजूर ठेवतात. तो गिळताना मला रडू येतं, आणि त्यांना वाटतं पोरीला रोजा झेपेना.

मशीन पंचविसाच्या मागं आहे. काल दिवसभर खोलीतला आरसा भिंतीवर थरथरत होता. पाच-सहा दिवस उरले असतील.

नाझनीन

११ मार्च २०२५

दामे,

बोटं सोलली आहेत, अक्षर वाईट येईल.

काल सकाळी मशीन आमच्या मागं आलं. खिडकी उघडली तर पिवळा हात माझ्यापासून दोन घागरींच्या अंतरावर. ड्रायव्हरला म्हटलं, दादा थांबा, खाली नहर आहे. तो बिचारा चांगला माणूस. म्हणाला, "ताई, मला कागुद दिलाय. कागदात न्हाई." आपलाच कागद.

अब्बा दुपारच्या, जोहरच्या नमाजला गेले. आसिफ कामावर. मी पलंग भिंतीला लावला, अब्बांच्या पेटीतून छन्नी आणि हातोडा काढला आणि खोलीच्या मधोमध घाव घातला. टाइलीला नुसता ओरखडा गेला. परत घातला. हातोडा अंगठ्यावर बसला. मी कोणकोणत्या भाषेत रडत होते कुणास ठाऊक. मागं बघितलं तर अम्मी दारात उभ्या. हातात फळं चिरायची सुरी.

वाटलं, आता गेलं सगळं.

त्या म्हणाल्या, "मधून न्हाई निघायची. दारापासनं काढ. तिथनं त्यांनी सुरुवात केलती, तिथं खाली सिमेंटचा माल कमी हाय."

सुरी ठेवून त्या खाली बसल्या. पहिली टाइल त्यांनीच उचकटली, सुरीच्या मुठीनं कडेनं ठोकत. दुसरी मी. चौथ्या टाइलीला म्हणाल्या, "मी या घरात सून म्हणून आले तवा याच तोंडाला दोर लावून पाणी काढायची. बंद केलं त्या दिवशी मी जेवले न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई." मला वाटायचं की या घरात मी एकटीच ते पाणी ऐकत होते.

टाइली निघाल्या, खालच्या शहाबादी आमच्यानं हलेनात. मग अम्मी बुरखा न घेता, नुसती ओढणी डोक्यावर ओढून बोळात गेल्या आणि मशीनवरच्या माणसांना म्हणाल्या, "पहार घेऊन आत या." आमच्या मागच्या खोलीत परके पुरुष! त्यांनी पहार लावली, दगड सरकला, आणि असा गार वारा आला की ड्रायव्हरनं टोपी काढली. खाली पाणी. सरळ येऊन वळत होतं, बोळाकडं. तू काढली असतीस तशीच बांधीव कमान, दोन्ही अंगांनी चुन्याचं काम, एक दगड हललेला नाही.

मशीन बंद झालं. तासाभरात बोळ भरला. अमरनाथ सर अहमदपूरला कुठल्या मंदिराच्या मोजणीला होते, ते चारच्या सुमारास आले. त्याआधी अब्बा आले. खोलीच्या दारात बसले. त्यांच्या टाइली मी भिंतीला टेकवून रचल्या होत्या, निम्म्या फुटलेल्या. मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी वाकून खाली पाण्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मला सांगायचं होतंस बेटा. मी न फोडता काढली असती." एवढंच. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

सरांनी सत्तावीसचं शीट काढलं, चष्मा लावला आणि विचारलं, हे कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत अम्मी म्हणाल्या, "लिहून घ्या साहेब. मी सांगितलं, आत काही न्हाई म्हणून. पोरीची मंगनी झालती, ती उंबऱ्याच्या आत आलीच न्हाई. तिला काय ठावं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आसिफ पण. तो मान हलवत होता, हळूच, हो म्हण, हो म्हण. दामे, किती सोपं होतं ते. आणि अर्धं खरंच होतं. बिचारी लाजरी मुलगी, सासूनं फसवलं. मी गप्प बसले असते तर नोटीस अम्मींच्या नावानं निघाली असती. साठ वर्षांच्या बाईला कोण काय करणार? असंही मनात येऊन गेलं, लपवत नाही.

मी म्हणाले, "नाही सर. मला माहीत होतं. मी जाणूनबुजून लिहिलं."

अम्मींनी तोंडावर ओढणी घेतली. मी त्यांनी दिलेलं परत केलं, ते त्यांना लागलं.

सरांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग विचारलं, "आणि दामिनीला? तिला माहीत होतं?"

मी रोज्यात होते. सबंध दिवस खरं बोलायला छन्नी चालवली होती. आणि मी म्हणाले, "नाही. तिला काही माहीत नव्हतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून सही केली."

लिहून दिलं. खाली सही केली.

सोमवारी सर तुला बोलावून विचारणार आहेत. माझ्या जबाबात काय आहे ते तुला कळावं म्हणून हे पत्र आजच टाकते. तू तेच म्हणालीस तर तुझी नोकरी राहील, तुझी सही खरी ठरेल, चाळीस शीटं निदान तुझ्या भरवशावर उभी राहतील. मी तुझं देणं लागते, त्यातलं थोडं तरी फिटेल. काय सांगायचं ते तू ठरव. मी पुन्हा तुला कुठल्या जागी उभं करत नाही.

की परत तेच केलं मी? आत्ता लिहिताना लक्षात येतंय. जाऊ दे, पोस्टाची गाडी तीनला निघते.

नाझनीन

१८ मार्च २०२५

दामे,

काल संध्याकाळी इफ्तारच्या जरा आधी अमरनाथ सरांचा फोन आला.

आधी त्यांनी कामाचं सांगितलं. बोळातली लाइन रद्द, गटार पलीकडच्या रस्त्यानं जाणार. नहर अव्वांच्या विहिरीपर्यंत धड आहे, कॅमेरा सोडून बघितलं. पण एकेचाळीसही शीटं नव्यानं होणार, दुसऱ्या माणसांकडून, आणि तोपर्यंत गल्लीचं नाव यादीत जाणार नाही. सहा महिने, वर्ष, सांगता येत नाही. आमच्या खोलीतलं तोंड उघडंच ठेवायचं, वर काही बांधायचं नाही. आम्ही आता चौघं पुढच्या दालनात झोपतो, मध्ये एक चादर बांधून. रात्री कुणी कूस बदलली तरी सगळ्यांना कळतं. हे मी केलं आहे, आणि यातून बाहेर पडायला वाट नाही. आसिफ म्हणतो सवय होईल. अम्मी बोलायला लागल्या आहेत, कामापुरतं. अब्बा अजून नाही.

मग सरांनी तुझा जबाब वाचून दाखवला. दोन ओळींचा. हळदीचंही लिहिलंस. 'शीट पाठवताना मला पूर्ण माहीत होतं. नाझनीन हिनं माझ्याबद्दल दिलेला जबाब खरा नाही.'

बाई गं. तुला वाचवायला मी रोज्यात खोटं बोलले, आणि तू मला सरकारी कागदावर दुसऱ्यांदा खोटं पाडलंस! तुझी नोकरी गेली ना? सर स्पष्ट बोलले नाहीत, पण 'बघू' म्हणाले. ते 'बघू' मला कळतं. मला इतका राग आला तुझा. कुणी सांगितलं होतं तुला?

सर म्हणाले, "माझ्याकडे आता दोन जबाब आहेत, एकमेकांविरुद्ध. फाइलला एकच लागतो. तुमच्या दोघींत खरं कोण बोललं?"

बाहेर अजान सुरू झाली. अब्बा माझ्यासमोर खजुराची ताटली धरून उभे होते, न बोलता, मी फोन ठेवायची वाट बघत.

मी म्हणाले, "ती सर. दामिनी खरं बोलली."

तुझी,
नाझनीन